सायप्रसच्या वाळूवरची दोन कासवं : लॉगरहेड कुठलं, ग्रीन कुठलं?

सायप्रसच्या वायव्य टोकाला आकामास नावाचं द्वीपकल्प समुद्रात घुसलेलं आहे. तिथल्या लारा बीचवर उन्हाळ्यात गेलात, तर वाळूत जागोजागी जाळीचे पिंजरे उपडे घातलेले दिसतात. प्रत्येक पिंजऱ्याखाली कासवाचं एक घरटं असतं. खोकडांनी ते उकरू नये म्हणून वर जाळी, आणि पिल्लांना आपसूक बाहेर पडता यावं म्हणून जाळीची भोकं मोठी. बहुतेक पर्यटक पिंजऱ्याचा फोटो काढतात, ‘टर्टल बीच’ झाला म्हणतात आणि जवळच्या अव्हाकास घळीकडे निघतात.

या पिंजऱ्यांखाली एका नव्हे, दोन जातींच्या कासवांची अंडी आहेत. एक लॉगरहेड, शास्त्रीय नाव कॅरेटा कॅरेटा. दुसरं ग्रीन टर्टल, म्हणजे केलोनिया मायडस. दोन्ही समुद्री, दोन्ही मोठी, दोन्ही रात्री वाळूवर येऊन अंडी घालणारी, त्यामुळे माहितीपत्रकांत आणि बोटवाल्यांच्या बोलण्यात दोघांचं मिळून एकच ‘टर्टल’ होतं. प्रत्यक्षात त्यांचं खाणं वेगळं, चालणं वेगळं, खणण्याची रीत वेगळी, पिल्लांचा रंगही वेगळा. आणि हा फरक ओळखायला कासव समोर असावंच लागत नाही. सकाळी वाळूवर राहिलेल्या खुणा पुरतात. कासवाला जराही त्रास न देता त्याच्याबद्दल इतकं कळू शकतं, ही मला या बेटावरच्या प्रवासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

डोकं आणि जबडा

आधी पाण्यातली ओळख, कारण स्नॉर्केल लावून पोहणाऱ्यांना ती लागते.

लॉगरहेडचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि रुंद असतं. ते उगीच मोठं नाही. खेकडे, शिंपले, शंख असं कवचाचं खाद्य फोडायला जबड्याचे भरभक्कम स्नायू लागतात आणि ते स्नायू मावायला तेवढी कवटी लागते. पाठ तांबूस तपकिरी, पोट पिवळसर. जुन्या कासवांच्या पाठीवर बार्नेकल, म्हणजे खडकांना चिकटतात तसे कवचवाले छोटे जीव, चिकटलेले असतात, त्यामुळे पाठ खडबडीत दिसते.

ग्रीनचं डोकं लहान, गोलसर. मोठी झालेली ग्रीन मुख्यतः समुद्री गवत आणि शैवाल खातात आणि त्यांच्या खालच्या जबड्याची कड गवत कापण्यासाठी दातेरी असते. पाठ गुळगुळीत, तपकिरी ते ऑलिव्ह रंगाची, तिच्यावर सूर्यकिरणांसारख्या रेघा. हिरवी पाठ शोधत बसलात तर हे कासव तुम्हाला कधीच सापडणार नाही. नावातला हिरवा रंग त्याच्या अंगातल्या चरबीचा आहे.

शंका उरली तर खवले पाहावेत. नाकपुड्या आणि डोळे यांच्या मधल्या भागात ग्रीनला खवल्यांची एकच जोडी असते, लॉगरहेडला दोन. पाठीवर, कण्याच्या प्रत्येक बाजूला ग्रीनचे चार मोठे खवले, लॉगरहेडचे सहसा पाच. फोटो नीट आला असेल तर हॉटेलवर परतल्यावरही हे मोजता येतं, त्यासाठी पाण्यात कासवाच्या जवळ जायचं कारण नाही. शिंपले फोडणाऱ्या जबड्यासमोर हात नेऊ नये हे वेगळं सांगायला नकोच, आणि ब्रेडचे तुकडे टाकून कासवं जवळ बोलावण्याची सवय तर फारच वाईट. खाणं मिळतं म्हणून बोटींच्या आणि माणसांच्या अंगावर येणारं कासव शेवटी प्रॉपेलरखाली सापडतं.

कासव कुठे दिसलं, यावरूनही अंदाज बांधता येतो. उथळ पाण्यात, समुद्री गवताच्या पट्ट्यात मान खाली घालून चरत असेल तर ते बहुधा ग्रीन. लक्षद्वीपच्या लगूनमध्ये ज्यांनी ग्रीन टर्टल चरताना पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल; जात तीच आहे. भूमध्य समुद्रातल्या ग्रीनच्या खाद्यात हॅलोफिला नावाचं एक गवत आता मोठ्या प्रमाणात आहे आणि ते मूळचं तांबड्या समुद्राचं आणि आपल्या हिंदी महासागराचं. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि त्या वाटेने ते पूर्व भूमध्य समुद्रात पसरलं.

वाळूवर काय उमटतं

लॉगरहेड मादी वाळूवर चढते ती रांगणाऱ्या बाळासारखी: पुढचं डावं वल्हं आणि मागचं उजवं, मग पुढचं उजवं आणि मागचं डावं. त्यामुळे तिच्या वाटेवर डावीकडच्या आणि उजवीकडच्या खुणा समोरासमोर येत नाहीत, एकाआड एक पडतात. प्रत्येक खूण स्वल्पविरामासारखी वळलेली. वाटेची रुंदी साधारण 70 ते 80 सेंटिमीटर.

ग्रीन मादी जड असते. ती दोन्ही पुढची वल्ही एकदम वाळूत रोवते आणि सगळं अंग एका झटक्यात पुढे ओढते, थांबते, श्वास घेते, पुन्हा ओढते. म्हणून तिच्या खुणा समोरासमोर, अगदी जोडीने उमटतात. मधोमध शेपटी टेकल्याची रेघ किंवा ठिपके असतात. वाट मीटरभर रुंद. दोन्ही वाटा शेजारीशेजारी दिसल्या तर लहान मूलही फरक सांगू शकेल, आणि लारावर त्या शेजारीशेजारी दिसतात.

वेळास, आंजर्ले किंवा गोव्यात गालजीबागला पहाटे किनाऱ्यावर चाललेल्यांनी ऑलिव्ह रिडले या तिथल्या कासवाच्या वाटेच्या खुणा पाहिल्या असतील. रिडलेही एकाआड एक पाय टाकते, म्हणजे चालीने ती लॉगरहेडच्या गटात बसते, फक्त तिची वाट अरुंद आणि हलकी. कोकणात नजर बसलेल्या माणसाला सायप्रसमध्ये लॉगरहेड लगेच ओळखू येईल आणि ग्रीनची वाट दिसताच तो थबकेल, कारण जोडीने उमटलेल्या एवढ्या रुंद खुणा त्याने सहसा पाहिलेल्या नसतात.

एक मोठा फरक समुद्राचाही आहे. आपल्याकडे भरती आली की वाटेचा खालचा अर्धा भाग पुसला जातो, त्यामुळे कासव किती वाजता आलं आणि गेलं याचा अंदाज आपले कासवमित्र भरतीच्या रेषेवरून बांधतात. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पाणी जेमतेम वर-खाली होतं आणि वाट पाण्याच्या कडेपासून घरट्यापर्यंत आणि परत, सलग राहते. ती पुसली जाते वाऱ्याने आणि माणसांच्या पायांनी. म्हणूनच उजाडल्यावर लगेच जावं. दहाच्या सुमारास पोहणारे येऊन गेले की काहीच वाचता येत नाही.

वाट सापडली की तिची दिशा पाहा. कासव वाळू मागे ढकलत पुढे जातं, त्यामुळे वाळूचे उंचवटे ज्या बाजूला साचलेत त्याच्या उलट बाजूला ते गेलेलं असतं. जाण्याची आणि येण्याची वाट एकमेकींवरून गेली असेल तर वरची वाट परतीची. मादी वर आली, थोडी फिरली आणि कुठेही न खणता परत गेली, असं बरेचदा दिसतं. एखादा दिवा, मोबाईलचा फ्लॅश, बोलण्याचा आवाज, वाळूत लागलेला दगड, कारण काहीही असू शकतं. अंडी पोटात घेऊनच ती परत गेलेली असते आणि त्याच रात्री किंवा पुढच्या एखाद्या रात्री तिला हा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

खड्डा आणि अंडी

ज्या मादीने अंडी घातली, तिच्या जागेवरचा खड्डा सगळं सांगतो.

लॉगरहेड फार खणत नाही. आधी वरची कोरडी वाळू थोडी बाजूला करते, मागच्या वल्ह्यांनी उभट भोक खणते, अंडी घालते, वाळू ओढते आणि तास-दीड तासात निघते. मागे राहतो तो विस्कटलेल्या वाळूचा एक उथळ पट्टा. वारा सुटला तर दुपारपर्यंत तो ओळखूही येत नाही.

ग्रीनचं काम मोठं असतं. ती आधी पुढच्या वल्ह्यांनी वाळू उडवत संपूर्ण अंग मावेल एवढा खोल खड्डा करते, त्या खड्ड्याच्या तळाशी अंड्यांसाठी भोक खणते आणि अंडी घालून झाल्यावर वाळू मागे फेकत फेकत हळूहळू पुढे सरकते. या सरकण्यात तासभरही जाऊ शकतो. शेवटी जो मोठा खड्डा उघडा राहतो, त्याच्या खाली अंडी नसतात. ती मागे, सपाट दिसणाऱ्या वाळूखाली असतात. खोदकामाची जागा एका ठिकाणी आणि अंडी दुसऱ्या ठिकाणी, हे कळलं नाही तर माणसं खड्डा टाळून नेमकी अंड्यांवरच सतरंजी पसरतात. लारावर छत्र्या रोवायला मनाई आहे ती याच कारणाने. छत्रीचा दांडा सरळ घरट्यात जाऊ शकतो.

सायप्रसमध्ये लॉगरहेडच्या एका घरट्यात साधारण 70 ते 80 अंडी असतात, ग्रीनच्या घरट्यात 110 च्या आसपास. ग्रीनची अंडी थोडी मोठी आणि खोलवर. दोन्ही जातींच्या माद्या एका हंगामात दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा वर येतात आणि पुढची दोन-तीन वर्षं सहसा फिरकत नाहीत. पिल्लं बाहेर यायला पन्नासएक दिवस लागतात; वाळू तापलेली असेल तर कमी, थंड असेल तर जास्त.

पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण 29 अंशांच्या वर माद्या, खाली नर. सायप्रसच्या तापलेल्या किनाऱ्यांवरून बहुतांश माद्याच समुद्रात जातात. त्या दृष्टीने ग्रीसच्या झाकिन्थोस बेटाजवळचं मराथोनिसी हे छोटं बेट फार महत्त्वाचं आहे. तिथली वाळू फिकट आणि तुलनेने थंड असल्याने तिथून नर अधिक निघतात.

पिल्लं

इथे फसायला जागाच नाही. लॉगरहेडचं पिल्लू वरून-खालून तपकिरी. ग्रीनचं पिल्लू वरून काळं, पोटाला पांढरं, आणि वल्ह्यांना पांढरी किनार. काळ्या-पांढऱ्या रंगाची एवढी स्वच्छ विभागणी असलेलं कासवाचं पिल्लू या समुद्रात दुसरं नाही.

कुठे कोण भेटेल

झाकिन्थोसला जात असाल तर हा प्रश्न सोपा आहे. लागानास उपसागरात अंडी घालायला येतात ती लॉगरहेड. तिथल्या दुकानांवर, बोटींवर, टी-शर्टांवर ‘कॅरेटा’ लिहिलेलं असतं ते बरोबरच आहे. 1983 पासून काम करणारी आर्केलॉन ही संस्था आणि 1999 मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय सागरी उद्यान यांच्यामुळे सेकानिया, गेराकास, दाफनी हे किनारे टिकून आहेत. सेकानिया लोकांना पूर्ण बंद आहे, बाकीच्या किनाऱ्यांवर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जाता येत नाही. उपसागराचे तीन विभाग केलेले आहेत: एकात बोटींना बंदी, उरलेल्या दोनमध्ये वेगाला 6 नॉटची (ताशी सुमारे 11 किलोमीटर) मर्यादा. तरीही एका कासवाभोवती पाच-सहा बोटी गोळा झालेल्या दिसतात. श्वास घ्यायला वर येणाऱ्या प्राण्याला असं घेरणं मला मुळीच पटत नाही. बोटीचं तिकीट न काढता गेराकासच्या कड्यावरून खाली पाहा, स्वच्छ पाण्यात कासवं वरूनही दिसतात.

ग्रीन मात्र हवं असेल तर पूर्वेलाच जावं लागतं. भूमध्य समुद्रात ग्रीनची घरटी जवळजवळ सगळी तुर्कस्तानचा दक्षिण-पूर्व किनारा, सायप्रस आणि सीरिया एवढ्याच पट्ट्यात आहेत. लॉगरहेड ग्रीस, तुर्कस्तान, सायप्रस, लिबिया असं दूरवर पसरलेलं आहे आणि अलीकडे इटली-स्पेनच्या किनाऱ्यांवरही अंडी घालू लागलं आहे. म्हणून दोघांची घरटी एका वाळूवर पाहायची तर सायप्रससारखी जागा नाही.

सायप्रसमध्येही किनारे सारखे नाहीत. लारा आणि त्याला लागून असलेल्या तोक्सेफ्त्रावर दोन्ही येतात. आकामासच्या पलीकडे, ख्रिसोखू उपसागरात पोलिस नावाच्या गावाजवळ प्रामुख्याने लॉगरहेड. बेटाच्या उत्तर भागात किरेनियाजवळ आलागादी इथे पुन्हा दोन्ही. बेट 1974 पासून विभागलेलं आहे, त्यामुळे दक्षिणेत उतरून उत्तरेला जायचं तर निकोसियातल्या लेद्रा स्ट्रीटसारख्या ठाण्यावरून पासपोर्ट दाखवून जावं लागतं. व्हिसाचे आणि भाड्याच्या गाडीच्या विम्याचे नियम निघण्याआधी तपासून घ्या.

लाराचं काम 1978 मध्ये सुरू झालं. सायप्रसच्या मत्स्य विभागातले आंद्रेआस दिमित्रोपुलोस आणि मिरूला हाजीख्रिस्तोफोरू यांनी तिथे संवर्धन केंद्र उभं केलं, आणि 1989 मध्ये लारा-तोक्सेफ्त्राला कायद्याचं संरक्षण मिळालं. पाण्याच्या फार जवळ घातलेली अंडी उचलून सुरक्षित जागी पुरणं, उरलेल्या घरट्यांवर पिंजरे लावणं, पहाटे फेऱ्या मारून खुणांची नोंद करणं, हे काम तिथे वर्षानुवर्षं चाललं आहे. सह्याद्री निसर्ग मित्रच्या भाऊ काटदरे यांनी 2002 मध्ये वेळासला सुरू केलेलं काम ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना लाराची रीत आपलीच वाटेल. तिथे खोकड, इथे कोल्हे आणि कुत्री. उपाय बराचसा तोच.

धोकाही वेगळा

दोघांना वेगळं ओळखायचं खरं कारण मला इथे दिसतं.

ग्रीनचं नुकसान आधी माणसाच्या जिभेने केलं. पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर, आणि पुढे 1960 च्या दशकापर्यंत तुर्कस्तानच्या मेर्सिन-इस्केंदेरून भागात, ही कासवं हजारोंनी पकडली गेली. मांसाला आणि सूपला मागणी होती ती ग्रीनचीच. पूर्व कोपऱ्यातली त्यांची संख्या त्यात ढासळली आणि ती सावरायला कित्येक दशकं लागली, कारण मादी वयात यायलाच वीस-तीस वर्षं जातात. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने जगभरातल्या ग्रीन टर्टलना ‘धोक्यात’ या वर्गातून काढून ‘कमी चिंतेच्या’ वर्गात ठेवलं. ही आनंदाचीच बातमी आहे. पण भूमध्य समुद्रातली ग्रीन मोजक्या किनाऱ्यांवर आणि मोजक्या चराऊ जागांवर अवलंबून आहेत. सायप्रसहून उपग्रह-टॅग लावून सोडलेल्या माद्या इजिप्तच्या बार्दाविल सरोवरात आणि लिबियाच्या किनाऱ्यावर चरताना आढळल्या आहेत. तिथलं गवत गेलं तर लारावर कितीही पिंजरे लावून भागणार नाही.

लॉगरहेड खातं बरंच काही आणि फिरतंही दूरदूर. झाकिन्थोसच्या माद्या अंडी घातल्यावर एड्रियाटिक समुद्रात किंवा ट्युनिशियाच्या गाबेस आखातात जातात. हे फिरणंच त्यांना नडतं. लांब दोरांचे गळ, ट्रॉलरची जाळी, प्लास्टिक, वेगाने जाणाऱ्या बोटी, हे सगळं त्यांना वाटेत भेटतं. म्हणून लागानासमधली 6 नॉटची मर्यादा जितकी महत्त्वाची, तितकंच गाबेसच्या मच्छीमाराने जाळ्यात आलेलं कासव जिवंत परत सोडणं महत्त्वाचं.

कधी जावं

लॉगरहेड मेच्या अखेरीपासून अंडी घालू लागतं, ग्रीन जूनपासून. जुलैचा पहिला पंधरवडा वाट वाचण्यासाठी सर्वांत चांगला, कारण तेव्हा दोन्ही जाती जोरात वर येत असतात. लाराला जायला आयोस येऑर्योस या गावापासून पुढे कच्चा रस्ता आहे. साध्या भाड्याच्या गाडीने जाऊ नका, उंच गाडी घ्या. तिथे रात्री थांबता येत नाही, वाळूवर गाडी नेता येत नाही, तंबूही नाही. सोबत पाणी, टोपी आणि मोजपट्टी ठेवा. वाटेच्या कडेने चाला, वाटेवरून नको, म्हणजे केंद्रातल्या माणसांना त्यांची नोंद करता येईल.

अंडी घालणारी मादीच पाहायची असेल तर आलागादीला स्वयंसेवकांबरोबर रात्री जाण्याची सोय आहे, ती आधी नाव नोंदवून घ्यावी लागते. गटाने जायचं, गडद कपडे घालायचे, फोन बंद ठेवायचा आणि मादी अंडी घालायला लागल्याचं गाइडने सांगितल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. काही रात्री कासव येतच नाही. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी हे सांगून ठेवा.

पिल्लं पाहायची तर ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर. पिल्लं निघून गेल्यावर स्वयंसेवक घरटं उकरून रिकामी टरफलं मोजतात आणि हे काम लोकांना पाहू देतात. तळाशी अडकलेलं एखादं पिल्लू त्या वेळी जिवंत सापडतं. ते हातात घेऊ नका, फ्लॅश मारू नका, पण वाकून रंग जरूर पाहा.